उतरणारी रेघ

नळीच्या तळाशी जेमतेम थेंबभर द्रव असतो. रंग नाही, ग्लिसरॉलमुळे किंचित दाटपणा आहे. वजा ८० अंशांच्या फ्रीझरमधून बाहेर काढली की नळीवर लगेच दव धरतं. लेबलवर एन्झाइमचं नाव, बॅचचा क्रमांक, शुद्धता आणि 'ह्युमन, रिकॉम्बिनंट' ही नोंद, म्हणजे मानवी जनुक दुसऱ्या जिवात घालून बनवून घेतलेलं. त्याखाली नेहमीची सूचना: फक्त संशोधनासाठी, निदानासाठी किंवा उपचारासाठी नाही. अशा नळ्या हाताळण्यात माझ्या कामाची बरीच वर्षं गेली, तरी एका गोष्टीची मला अजून पुरती सवय झालेली नाही. आत आहे ते मानवी आहे, आणि ते कुठल्याही माणसाच्या शरीरात कधीही नव्हतं.

मी बोलते आहे ते एन्झाइम म्हणजे आयसोसिट्रेट डिहायड्रोजिनेज-१, आमच्या रोजच्या बोलण्यात आयडीएच१. ४१४ अमिनो आम्लांची एक साखळी. अशा दोन साखळ्या एकमेकींना बिलगल्या की पूर्ण एन्झाइम होतं. आपल्या पेशींत ते मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेर, पेशीद्रवात आणि पेरॉक्सिझोममध्ये काम करतं. आयसोसिट्रेट घ्यायचं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडायचा, अल्फा-कीटोग्लुटारेट तयार करायचं आणि ते करता करता एनएडीपी या को-एन्झाइमचं, म्हणजे एन्झाइमच्या मदतनीस रेणूचं, एनएडीपीएच करायचं. या एनएडीपीएचवर पेशी मेदाम्लं बांधते आणि ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून स्वतःला सावरते. चयापचयाच्या तक्त्यात हा एक लहानसा बाण. परीक्षेसाठी पाठ करायचा आणि विसरून जायचा.

नळीतल्या साखळीचा क्रम माणसाचा आहे. तिच्यातला प्रत्येक अणू मात्र ई. कोलाय जिवाणूंच्या खाद्यातून आलेला: यीस्टचा अर्क, दुधातलं पचवलेलं केसिन, मीठ. पूर्वी निदान जनुकाची प्रत तरी मानवी पेशींतल्या आरएनएवरून तयार करत. आता क्रम संगणकावरून पाठवला की डीएनए रसायनांतून जोडून मिळतो. तेव्हा या एन्झाइमच्या वंशावळीत माणूस आहे तो केवळ माहितीच्या रूपात. तरीही ते आपल्याच पेशीतल्यासारखं घडी घालतं, तोच रेणू पकडतं, तेच रसायन घडवतं. जिवाणू आणि माणूस अमिनो आम्लांची एकच लिपी वाचतात, हे पुस्तकात वाचणं वेगळं. आणि रात्रभर हलत राहिलेल्या फ्लास्कमधून सकाळी माणसाचं एन्झाइम काढणं वेगळं.

हे फार जुनं नाही. १९७३ मध्ये स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी तुकडे जोडून बनवलेला डीएनए जिवाणूत घातला. १९७७ मध्ये सोमॅटोस्टॅटिन हे माणसाचं इवलंसं संप्रेरक ई. कोलायकडून बनवून घेतलं गेलं, पुढच्या वर्षी इन्सुलिन, आणि १९८२ मध्ये ते इन्सुलिन औषध म्हणून मान्य झालं. त्याआधी मानवी एन्झाइम हवं असेल तर माणसाकडेच जावं लागे. प्रसूतीनंतरची वार, मुदत संपलेलं रक्त, शवविच्छेदनातलं यकृत. गोशे या आनुवंशिक आजारासाठीचं पहिलं एन्झाइम तर १९९१ मध्ये वारेतूनच काढून वापरात आलं. रिकॉम्बिनंट रूप तीन वर्षांनी मिळालं. संशोधनात अडचण आणखी मोठी होती. एखाद्या रुग्णाच्या एन्झाइममध्ये एकच अमिनो आम्ल बदललेलं असेल, तर ते अभ्यासायला पुरेसं आणायचं कुठून? रुग्णाच्या ऊतीतून किती घेणार? आज तो बदल डीएनएत करायचा, जिवाणूत घालायचा, आणि हवं तेवढं एन्झाइम बनवायचं. त्यासाठी कुणाच्याही शरीराला हात लावावा लागत नाही. या तंत्राबद्दल मला जी कृतज्ञता वाटते तिचं पहिलं कारण हे आहे.

दुसरं कारण त्याहून जुनं. १८९७ मध्ये एडुआर्ड बुकनर यांनी यीस्ट वाळूबरोबर खलून त्याचा रस काढला. पेशी मेलेल्या होत्या, पण रस साखर आंबवत राहिला. जे काम जिवंतपणाशिवाय होणार नाही असं मानलं जात होतं, ते जिवंत पेशीविना झालं. १९२६ मध्ये जेम्स सम्नर यांनी युरिएज या युरिया फोडणाऱ्या एन्झाइमचे स्फटिक मिळवून एन्झाइम म्हणजे प्रथिन असं सांगितलं, तेव्हा त्या काळच्या मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. सम्नर यांना नोबेल मिळालं ते २० वर्षांनी. या सगळ्या माणसांनी एकच गोष्ट चालवली होती: पेशीतल्या हजारो रेणूंतून एकाला बाहेर काढायचं, एकटं करायचं आणि त्यालाच विचारायचं की हे काम तूच करतोस ना?

एकटं करणं हे सोपं काम नाही.

पद्धत ठरलेली आहे. जनुक अशा प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळावर, बसवायचं की विषाणूकडून घेतलेलं टी७ पॉलिमरेज हे एन्झाइम त्याच्या आरएनए नकला भराभर काढील. १९८६ पासून जगभरच्या प्रयोगशाळा याच वाटेने जातात. जिवाणू ३७ अंशांवर वाढवायचे, माध्यम पुरेसं गढूळ झालं की तापमान १६-१८ अंशांपर्यंत उतरवायचं आणि आयपीटीजी हे रसायन घालून जनुक चालू करायचं. तापमान उतरवण्यामागे कारण आहे. जिवाणू घाईत असला की परक्या प्रथिनाची घडी नीट बसत नाही, त्याचे निरुपयोगी गठ्ठे पेशीत साचतात. थंडीत तो सावकाश काम करतो. सकाळी पेशी गोळा करायच्या, बर्फात ठेवून ध्वनिलहरींनी फोडायच्या, सेंट्रिफ्यूज करायच्या आणि वरचं स्वच्छ द्रव निकेलच्या कॉलममधून सोडायचं. एन्झाइमच्या टोकाला आपण आधीच हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या सहा मण्यांची शेपटी जोडलेली असते. ती निकेलला धरून बसते, बाकी बहुतेक सगळं वाहून जातं. मग इमिडॅझोल घालायचं. त्याचा आकार हिस्टिडिनच्या टोकासारखाच असल्याने ते निकेलवरची जागा घेतं आणि एन्झाइम सुटून खाली येतं.

पुढची चाचणी जेलची. प्रथिनं वजनानुसार वेगळी होतात, निळ्या रंगात पट्टे दिसतात, आणि सुमारे ४७ किलोडाल्टनच्या जागी एक जाड, ठळक पट्टा उमटतो. इथे खूश होऊन थांबणारे पुष्कळ असतात. मला इथेच सावध व्हावंसं वाटतं.

कारण ई. कोलायकडे स्वतःचं आयसोसिट्रेट डिहायड्रोजिनेज आहे. तेही एनएडीपीच वापरतं. तेही दोन साखळ्यांचं. त्याची साखळी ४१६ अमिनो आम्लांची, माणसाच्या साखळीहून फक्त दोनने मोठी. दोघांच्या क्रमात फारसं साम्य नाही, पण जेलवर दोघं जवळजवळ एकाच ओळीत येतात आणि चाचणीत दोघं एकच काम करतात. शुद्धता ९५ टक्के असं लेबलवर लिहिलेलं असतं, तेव्हा मनात पहिला प्रश्न येतो तो उरलेल्या ५ टक्क्यांचा. त्यात जिवाणूचं हे एन्झाइम किती आहे? साधं, सशक्त मानवी एन्झाइम तपासताना याने फार बिघडत नाही. पण समजा, बदललेल्या एन्झाइमचा वेग मूळच्या हजारावा हिस्सा झाला आहे. तर हजारात एक भाग जिवाणूचं वेगवान एन्झाइम मिसळलेलं असलं तरी आपण जे मोजतो त्यातला मोठा वाटा त्याचा असू शकतो. आपण वहीत लिहिणार 'थोडी क्रिया शिल्लक आहे', आणि ती शिल्लक माणसाची नसेलही. म्हणून रिकाम्या, म्हणजे मानवी जनुक नसलेल्या, प्लास्मिडचे जिवाणू घेऊन तेच सगळं शुद्धीकरण पुन्हा करायचं आणि त्यातून काय येतं ते मोजायचं. हे काम कुणालाच आवडत नाही, कारण त्यातून नवीन काही हाती लागत नाही. दुसरा उपाय, ज्यांच्यातून हे जनुकच काढून टाकलं आहे असे जिवाणू वापरायचे. मग त्यांना ग्लुटामेट बाहेरून द्यावं लागतं, कारण ते बनवायला लागणारं अल्फा-कीटोग्लुटारेटच त्यांना स्वतः करता येत नाही. एका एन्झाइमवर जिवाणूचं जगणं कसं अडतं हे त्या फ्लास्ककडे बघून जेवढं समजतं तेवढं तक्त्यातल्या बाणावरून समजत नाही.

रिकाम्या प्लास्मिडच्या अशा नकारात्मक चाचणीला आमच्या क्षेत्रात मान कमी आहे. शोधनिबंधाच्या मुख्य आकृतीत तिला जागा मिळत नाही, कुठेतरी पुरवणीत एक सपाट रेघ म्हणून ती असते. माझ्या मते नळीतल्या एन्झाइमचं मानवीपण त्या सपाट रेघेवर ठरतं.

आता मोजणी. एनएडीपीएच ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतं, एनएडीपी शोषत नाही. ओटो वारबुर्ग यांनी १९३० च्या दशकात हे वापरायला सुरुवात केली आणि आजही याहून सरळ पद्धत क्वचितच असेल. क्युवेटमध्ये, म्हणजे लहान पारदर्शक पात्रात, बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), मॅग्नेशियम, एनएडीपी, आयसोसिट्रेट, शेवटी एन्झाइम. पडद्यावर रेघ चढायला लागते. तिचा उतार म्हणजे वेग. एन्झाइम घातल्यावर पहिल्या क्षणी रेघ वळते तेव्हा मला दर वेळी बरं वाटतं. शरीराच्या आत, कुणाच्या नजरेला न पडता अखंड चाललेली एक क्रिया डोळ्यांसमोर एकटी चाललेली दिसते. दुसरं कुणी नाही. जे घडतं आहे ते त्या एकाच रेणूचं कर्तृत्व.

२००८ मध्ये हा विसरण्याजोगा बाण अचानक सगळ्यांसमोर आला. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या २२ गाठींमधली २०,६६१ जनुकं अमेरिकेतल्या एका गटाने वाचून काढली. नेहमीची संशयित जनुकं सापडलीच, पण त्यांच्यासोबत आयडीएच१ही. सुमारे १२ टक्के रुग्णांत ते बदललेलं होतं, आणि बदल पुन्हा पुन्हा एकाच जागी: १३२ व्या स्थानावरचं आर्जिनिन हे अमिनो आम्ल जाऊन तिथे बहुतेकदा हिस्टिडिन. पुढच्याच वर्षी कळलं की मेंदूच्या कमी तीव्रतेच्या काही गाठींमध्ये तर हा बदल ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांत असतो. चयापचयाचं एक घरकाम करणारं एन्झाइम कर्करोगात काय करत होतं?

१३२ व्या जागेवरचं आर्जिनिन आयसोसिट्रेटला धरून ठेवणाऱ्यांपैकी एक आहे. ते गेलं म्हणजे पकड गेली. साहजिकच बदललेलं एन्झाइम बनवलं गेलं, क्युवेटमध्ये घातलं गेलं आणि रेघ जवळजवळ चढलीच नाही. २००९ च्या पूर्वार्धात प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की बदललेली साखळी काम सोडते आणि सोबतच्या निरोगी साखळीलाही काम करू देत नाही. मोजमाप बरोबर होतं. प्रयोग नीट केलेला होता. तरीही एक गोष्ट खटकण्यासारखी होती: एन्झाइम नुसतं मोडायचं असेल तर ते कुठेही मोडता येतं. ४१४ जागांपैकी कुठलीही महत्त्वाची जागा बिघडली तरी चालेल. मग गाठी त्याच एका जागेचा हट्ट का धरतात? आणि जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत का बिघडते, दुसरी नेहमी शाबूत का राहते?

त्याच वर्षाच्या अखेरीस लेनी डांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं उत्तर दिलं. त्यांनी बदललेलं एन्झाइम असलेल्या पेशींतले लहान रेणू मोजले. एक रेणू प्रचंड वाढलेला दिसला: २-हायड्रॉक्सिग्लुटारेट, जो निरोगी पेशीत नाममात्र असतो. मग ते शुद्ध एन्झाइमकडे आले आणि त्याला वेगळा प्रश्न विचारला. आयसोसिट्रेटऐवजी अल्फा-कीटोग्लुटारेट दिलं, एनएडीपीऐवजी एनएडीपीएच दिलं. ज्या रेघेने चढायला नकार दिला होता ती उतरायला लागली. एन्झाइम एनएडीपीएच खात होतं आणि अल्फा-कीटोग्लुटारेटचं २-हायड्रॉक्सिग्लुटारेट करत होतं. ते मोडलेलं नव्हतं. त्याने काम बदललं होतं. रुग्णांच्या गाठींमध्ये हा रेणू शंभरपटीपर्यंत वाढलेला सापडला.

मी डांग यांचा हा शोधनिबंध विद्यार्थ्यांबरोबर वाचते तेव्हा त्या उतरणाऱ्या रेघेपाशी थांबते. शाबूत प्रत का लागते तेही तिथे उलगडतं. निरोगी साखळी अल्फा-कीटोग्लुटारेट आणि एनएडीपीएच तयार करते, आणि शेजारची बदललेली साखळी नेमकं तेच वापरते. एकाच एन्झाइमचे दोन अर्धे भाग, एक बनवतो आणि दुसरा खर्चतो. नळीत दोन्ही घटना स्वतंत्रपणे बघता येतात, कारण तिथे कोण काय करतंय याबद्दल शंका नसते. मात्र नळी विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. 'जुनं काम करतोस का?' या प्रश्नाला 'नाही' हे खरं उत्तर होतं, आणि नवं काम त्या उत्तरात मावत नव्हतं. नवा प्रश्न सुचवला तो पेशीने, तिच्यातल्या गोंगाटात साचलेल्या एका अनोळखी रेणूने. म्हणून 'नळीतलं जीवशास्त्र की पेशीतलं' हा वाद मला कधीच समजला नाही. डांग यांच्या कामात पेशीने संशय दाखवला आणि नळीने तो सिद्ध केला. एकाविना दुसरं अधुरं राहिलं असतं.

एक आठवण इथे द्यावीशी वाटते. वर निकेलला धरून बसणारी शेपटी सांगितली, ती हिस्टिडिनची. गाठीत जे चुकीच्या जागी येऊन बसतं तेही हिस्टिडिनच. एका विद्यार्थिनीने फळ्यावर दोन्ही काढले आणि विचारलं, सहा हिस्टिडिनांनी एन्झाइमचं काही बिघडत नाही आणि एकाने एवढं कसं बिघडतं? उत्तर जागेत आहे. शेपटी लोंबती, बाहेर, द्रावणात हलणारी. आणि १३२ वं स्थान अगदी त्या खोबणीत, जिथे रसायन घडतं. तरी शेपटीबद्दल तिची शंका योग्यच होती. काही एन्झाइमांमध्ये ती घडीत किंवा जोडी जमण्यात अडथळा आणते, आणि म्हणून जिथे शक्य आहे तिथे प्रोटिएजने, म्हणजे प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमने, ती कापून एकदा तरी मोजून बघावं.

नळीत जे नसतं त्याचीही जाण ठेवावी लागते. पेशीद्रवात प्रथिनांची दाटी असते, एका मिलिलिटरमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅमपर्यंत. आपल्या क्युवेटमध्ये प्रथिन त्याच्या हजारो पटींनी विरळ. आपण सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू, भरपूर देतो, पेशीत तो हातावर पोट असल्यासारखा मिळतो. पेशीत एन्झाइमवर नंतरच्या रासायनिक खुणा चढतात, ई. कोलायमध्ये त्यातल्या बऱ्याच चढत नाहीत. आयडीएच१ला साखरेचे फाटे लागत नसल्यामुळे ते जिवाणूतून चांगलं मिळतं. दुसऱ्या अनेक मानवी एन्झाइमांना कीटकांच्या किंवा सस्तन प्राण्यांच्या पेशीच लागतात. शिवाय २-हायड्रॉक्सिग्लुटारेट पुढे जाऊन काय करतं, डीएनए आणि तो ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरच्या मिथाइल खुणा काढणाऱ्या एन्झाइमांना ते कसं अडवतं, पेशी परिपक्व न होता कशी अर्धवट राहते, हे आयडीएच१ची एकटी नळी सांगू शकत नाही. त्यासाठी टेट-२सारखी, या खुणा काढण्याच्या कामातली दुसरी एन्झाइमं शुद्ध करावी लागली आणि शेवटी पेशींकडे, प्राण्यांकडे, रुग्णांकडे जावं लागलं.

पण औषधं शोधताना सुरुवात या नळीपासूनच झाली. बदललेलं एन्झाइम, अल्फा-कीटोग्लुटारेट, एनएडीपीएच आणि हजारो संयुगं. ज्या संयुगाने उतरणारी रेघ सपाट होईल ते बाजूला काढायचं. यातून पुढे आलेली पुष्कळ संयुगं रसायन घडतं त्या खोबणीत बसत नाहीत, तर दोन साखळ्या जिथे एकमेकींना भेटतात तिथल्या फटीत बसतात आणि एन्झाइमला आकार बदलू देत नाहीत. आयव्होसिडेनिब २०१८ मध्ये अमेरिकेत एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी मान्य झालं. आयडीएच१च्या मायटोकॉन्ड्रियातल्या भावंडासाठी, आयडीएच२साठी, एनासिडेनिब त्याच्या आदल्या वर्षी. मेंदूच्या कमी तीव्रतेच्या गाठींसाठी व्होरासिडेनिब २०२४ मध्ये आलं. २००८ च्या यादीतल्या एका अनपेक्षित नावापासून १६ वर्षांत इथवर.

काही रुग्णांमध्ये औषध लागू पडतं आणि मग रोग परत येतो. एनासिडेनिबवर असलेल्या अशा दोन रुग्णांमध्ये २०१८ मध्ये आणखी एक-एक बदल सापडला, तोही औषध ज्या फटीत बसतं तिथेच. विशेष म्हणजे हा दुसरा बदल आधीच बिघडलेल्या साखळीवर नव्हता. तो शेजारच्या, तोवर निरोगी असलेल्या साखळीवर होता. एकाच साखळीच्या दोन नकला जुळवून बनवलेल्या नेहमीच्या एन्झाइममध्ये अशी रचना तयारच होत नाही. ती बघायची तर दोन वेगळ्या साखळ्या एकाच पेशीत बनवून घ्यायच्या, दोघींना दोन वेगळ्या शेपट्या लावायच्या, आधी एका कॉलममधून आणि मग दुसऱ्यातून न्यायचं, म्हणजे दोन्ही शेपट्या असलेली मिश्र जोडीच हाती उरते. उत्पन्न अगदी थोडं येतं आणि वेळ दुप्पट लागतो. पण रुग्णाच्या पेशीत जी जोडी आहे ती हीच, तेव्हा औषध घालून रेघ उतरते की थांबते हे याच जोडीवर बघायला हवं.